पेपरात न येणारा परिच्छेद

गेली बावीस वर्षं मी अकरावी-बारावीला बायॉलॉजी शिकवते, आणि माझ्या हाताखालचं एकही मूल बायॉलॉजीत नापास झालेलं नाही. हे मी फुशारकीनेच सांगते. त्यामागे माझी एक पद्धत आहे. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मी मुलांना पुस्तक उघडायला लावते, हातात पेन्सिल घ्यायला सांगते, आणि कुठल्या धड्यातलं काय गाळायचं ते एका दमात सांगून मोकळी होते. "ये पेपर में नहीं आता, काट दो." इंदूरला विजय नगरच्या मॉलमध्ये अजूनही एखादा टाय लावलेला तरुण खाली वाकून नमस्कार करतो आणि म्हणतो, "मॅडम, आपका 'काट दो' आज भी याद है." मला ते ऐकून वर्षानुवर्षं छानच वाटायचं.

रोगप्रतिकारशक्तीच्या धड्यात मी असाच एक परिच्छेद कापायला लावायचे. जेमतेम चार ओळी. शरीराच्या संरक्षक पेशींमध्येच काही पेशी अशा असतात, की त्या बाकीच्या पेशींना आवरतात, एवढंच त्यात होतं. प्रश्न कधी आला नव्हता, येण्याची शक्यताही नव्हती. बाकीचा धडा मात्र मी असा रंगवायचे की शेवटच्या बाकावरचेही झोप विसरून ऐकायचे. मी महूच्या लष्करी छावणीतली, फौजी हवालदाराची मुलगी. पांढऱ्या पेशी म्हणजे जवान, जंतू म्हणजे दुश्मन, ताप म्हणजे लढाई. मी टेबलावर डस्टर आपटून तोफा उडवायचे.

आठ वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, माझी मोठी मुलगी पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या करायला लागली. ती नऊ वर्षांची होती. धाकटी तेव्हा अंगावर पीत होती, माझी शाळेतून रजा चालू होती, आणि मोठीकडे बघायला मला फुरसत नव्हती. ती वाळत चालली होती. मी म्हणत होते, उन्हाळा आहे, वाढीचं वय आहे. शेवटी एका दुपारी ती नीट बोलेना, श्वास जोरजोरात घ्यायला लागली, तेव्हा आम्ही धावलो. तिला भरती करून घेणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणी मेडिकलवाले?" नवरा म्हणाला, "ही बायॉलॉजी शिकवते." त्या वेळी मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

टाइप वन डायबिटीस. जन्मभर इन्सुलिन. नातेवाईक सफरचंदं घेऊन आले आणि पलंगाशी उभं राहून कुजबुजायला लागले, मिठाई जास्त झाली असणार, इंदूरची पोरं, सकाळी उठल्याबरोबर जलेबी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, दार लावलं आणि मोठीला वहीत चित्र काढून समजावलं. तुझ्या पोटात स्वादुपिंड आहे, त्यात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी असतात. हे बघ, ते झालं लंगर, फौजेचं स्वयंपाकघर. आणि हे तुझे जवान. त्यांनी लंगरातल्या आपल्याच माणसांना दुश्मन समजून गोळीबार केला. तुझी काही चूक नाही, जलेबीचीही नाही.

मोठी चित्र बघत राहिली. कोपऱ्यातल्या स्टुलावर माझे वडील बसले होते. त्यांनी विचारलं, "आणि आर. पी. कुठे होते?"

बाबा नोकरीभर आर. पी. होते, म्हणजे रेजिमेंटचे स्वतःचे पोलीस. बाहेरच्यांशी त्यांचा संबंध नाही. आपल्याच जवानांमधून निवडलेले, त्यांच्याच बराकीत झोपणारे, पण दंडावर लाल पट्टी आणि कमरेला पांढरा पट्टा. बाजारात कुणी दारू पिऊन धिंगाणा घालत असेल, कुणी हात उगारला असेल, तर त्याला धरून परत आणायचं हे त्यांचं काम. पांढऱ्या पट्ट्याला बाबा रोज सकाळी स्वतः खडू लावायचे, आईलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. लहानपणी मला याची लाज वाटायची. मैत्रिणींचे वडील सरहद्दीवर, आणि माझे महूच्या बाजारात हातात काठी घेऊन आपल्याच लोकांमागे.

त्यांच्या नोकरीतली एकच गोष्ट त्यांनी आम्हां भावंडांना एकदा सांगितली, पुन्हा कधी नाही. होळीची दुपार होती. दोन बराकींतल्या पोरांमध्ये रंगावरून जुंपली, आणि समोर तीस-चाळीस जण. ड्यूटीवर बाबा आणि त्यांचा एक जोडीदार, दोघंच. त्यांनी जेवढ्यांना आवरता आलं तेवढ्यांना आवरलं. तरी त्यात बाबांच्याच गावाकडचा एक तरुण जवान असा मार खाऊन पडला की त्याचा पाय कायमचा गेला, आणि त्याला घरी पाठवलं. त्याची म्हातारी आई पुढे एकदा आमच्या दारात येऊन म्हणाली होती, "तुम्ही तर तिथेच होतात ना?" बाबा तिला एवढंच म्हणाले होते, "होतो, मावशी. कमी पडलो."

तर दवाखान्यातल्या त्या खोलीत बाबांनी विचारलं, आर. पी. कुठे होते. मी म्हटलं, "असतात, बाबा. नियामक पेशी म्हणतात त्यांना." बावीस वर्षांतली चौदा तेव्हा झाली होती, आणि त्या पेशींबद्दल मला त्या चार ओळींपलीकडे काही माहीत नव्हतं. त्या चार ओळीही मी शेकडो मुलांकडून खोडून घेतल्या होत्या.

मग मात्र मी वाचलं, मिळेल तिथून वाचलं. आपल्याच शरीरावर उलटू शकतील असे काही जवान प्रत्येकाच्या रक्तात फिरत असतात. भरतीच्या वेळीच, छातीतल्या एका छोट्या ग्रंथीत, त्यांतले बहुतेक बाद होतात, पण काही निसटतात. त्यांना पुढे आयुष्यभर धरून ठेवतात त्या नियामक पेशी. त्याही त्याच जातीच्या, त्याच बराकीतल्या. टाइप वनमध्ये त्या नीट काम करत नाहीत, की हल्ला करणारे त्यांचं ऐकत नाहीत, की दोन्ही, यावर शास्त्रज्ञांचं अजून पुरतं एकमत नाही. याच पेशी रक्तातून काढून, वाढवून, परत त्याच माणसाला दिल्या तर स्वादुपिंड वाचेल का, याचे प्रयोग चालू आहेत. दुकानात मिळणारं औषध अजून नाही. पण जगात कुणीतरी आर. पी. वाढवण्याच्या मागे लागलं आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

आणि तरीही दरवर्षी मी तो परिच्छेद कापायला सांगतच राहिले. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पेपर बदलला नव्हता हे एक. दुसरं म्हणजे, त्या ओळींवर बोलायला लागले असते तर वर्गात माझा आवाज नक्की फुटला असता. बायॉलॉजीच्या मॅडमना ते परवडलं नसतं.

गेल्या वर्षी मोठी बारावीला आली, माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर. शाळेत ती मला मॅडमच म्हणते. पहिल्या आठवड्यात नेहमीप्रमाणे पेन्सिली निघाल्या. मी धडा उघडला आणि सवयीने बोलून गेले, "नीचे वाला पॅराग्राफ, काट दो." चाळीस पेन्सिली चालल्या. तिसऱ्या बाकावरून हात वर आला.

"मॅडम, ये नहीं काटूंगी. ये मेरा वाला है."

वर्गाला तिचा आजार माहीत होता, तिने कधी लपवला नाही. कुणी हसलं नाही. माझ्या थोबाडीत बसल्यासारखं झालं. मी खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, आणि म्हटलं, "रबर निकालो सब लोग." त्या दिवशी दोन तास मी त्या चार ओळी शिकवल्या. दुसरा तास गणिताच्या सरांचा होता. ते दोनदा दारात येऊन गेले. आवाज फुटला तो फुटलाच, पण मुलांनी सोसलं.

घरी आल्यावर मोठी बूटसुद्धा न काढता म्हणाली, "मम्मी, अब छोटी का टेस्ट करवा लेते हैं."

या टेस्टचं मी चार वर्षं टाळत होते. भावाला किंवा बहिणीला टाइप वन असेल तर दुसऱ्यालाही होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. हल्ला सुरू झाला असेल तर त्याच्या खुणा, म्हणजे आपल्याच पेशींविरुद्धची अँटिबॉडी, साखर वाढायच्या कितीतरी आधी रक्तात सापडू शकतात. धाकटी आठ वर्षांची झाली होती. मोठी नवव्या वर्षी आजारी पडली होती. मला वाटायचं, थांबवता येत नसेल तर आधी कळून करायचं काय? उगाच जीव टांगणीला. मी हे सगळं मोठीला ऐकवलं.

"और अभी क्या है?" ती म्हणाली. "तू रोज तिची पाण्याची बाटली चेक करते. ती दोनदा पाणी प्यायली की तुझा चेहरा बघ. तिला पण कळतं."

मी म्हटलं, "तू लहान आहेस."

"मम्मी, मी जशी गेले होते ना हॉस्पिटलमध्ये, तशी ती नाही जाणार. आधी कळलं तर आपण तयार तो रहेंगे. बस, मला इतकंच पाहिजे."

ते मात्र खरं होतं. मी हात टेकले.

रक्त घेतलं तेव्हा धाकटीने रडायच्या ऐवजी ताईकडे बघून विचारलं, "तू रोज इतकी बार करते?" नमुना बाहेरगावी गेला. आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट आला. तपासलेल्या अँटिबॉडींपैकी एक सापडली होती. बाकीच्या नाहीत.

डॉक्टर बाई स्वभावाने शांत, आणि खोटा धीर न देणाऱ्या. "दोन सापडल्या असत्या तर मी वेगळं बोलले असते," त्या म्हणाल्या. "एकच आहे. कधी ती आपोआप जाते, कधी तशीच राहते, कधी मागून दुसरी येते. सहा महिन्यांनी परत बघू. साखर आज एकदम नॉर्मल आहे. तिला शाळेत पाठवा, खेळू द्या, आणि प्लीज, घरचं गूगल बंद करा." मी विचारलं, नियामक पेशी वाढवायला काही करता येईल का, काही खायला, काही द्यायला? त्या म्हणाल्या, "असतं तर मी स्वतः आणून दिलं असतं."

पुढचे सहा महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. कामात मी पक्की आहे. पेपर तपासले, प्रॅक्टिकल घेतली, कुणाला कळू दिलं नाही. पण धाकटीने पाण्याचं भांडं उचललं की मी तिचे घोट मोजायचे. रागही फार यायचा. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना कुठूनतरी कुणकुण लागली, आणि त्या गुळवेलीचा काढा भरलेलं स्टीलचं भांडं घेऊन दारात उभ्या राहिल्या. "दोनों बच्चियों को सुबह-सुबह दो. इम्युनिटी डबल हो जाएगी."

मी तोंड उघडणार एवढ्यात मोठी पुढे झाली. "आंटीजी, हमारे घर में इम्युनिटी पहले से ही ज्यादा है. उसी का तो रोना है."

काकू गोंधळून गेल्या. मी भांडं ठेवून घेतलं, सिंकमध्ये ओतलं आणि घासून परत दिलं. त्यांचं मन चांगलं आहे. पण आख्खं शहर जवानांची ताकद वाढवायला निघालेलं आणि आर. पी.चं नाव कुणाला ठाऊक नाही, याने मी दिवसभर चरफडत होते. बावीस वर्षं मीच तर पोरांना हे शिकवून गावात पाठवलं होतं.

बाबा त्या दिवसांत दर रविवारी महूहून बसने यायचे. ऐंशी ओलांडलेलं वय, पण बुटांना पॉलिश. धाकटीला समजावं म्हणून मोठीनेच तिला ती जुनी गोष्ट सांगितली होती, जवानांची आणि लंगराची, आणि यावेळी आर. पी.सकट. त्यामुळे बाबा दारातून आत आले की धाकटी पाय आपटून सलाम ठोकायची.

"रिपोर्ट?" बाबा विचारायचे.

"आर. पी. ड्यूटी पर हैं, साब!"

बाबा वाकून तिच्या पोटावर कान लावायचे, गंभीर चेहऱ्याने ऐकायचे आणि म्हणायचे, "हां, पट्टा घातलेला दिसतोय." मी स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी राहायचे.

सहा महिन्यांनी परत रक्त दिलं. रिपोर्टच्या दिवशी मी पहिल्यांदाच शाळेतून अर्धी सुट्टी घेतली. डॉक्टर बाईंनी कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढला. "एकही नाही," त्या म्हणाल्या. "आधीची होती ती पण गेली."

मी विचारलं, "तिच्या नियामक पेशींनी आवरलं असेल?"

"असू शकतं. कदाचित. पण ते मी लिहून देणार नाही," त्या हसल्या. "आणि हे कायमचं सर्टिफिकेट पण नाही. काही वर्षं बघत राहायचं. पण आज तुम्ही घरी जाऊन झोपा, मॅडम. तुमचा चेहरा मला तुमच्या मुलीपेक्षा जास्त आजारी दिसतोय."

मी झोपले नाही. स्कूटीवर रडत घरी आले, इंदूरच्या भर ट्रॅफिकमध्ये, आणि सिग्नलला एका रिक्षावाल्याने विचारलं, "दीदी, सब ठीक?" मी म्हटलं, "बिलकुल ठीक, भिया." खरंच ठीक होतं. इतकं हलकं मला आठ वर्षांत वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी बाबा आले, नवऱ्याने खालून पोहे-जलेबी आणली, आणि आम्ही सगळे खाली सतरंजीवरच बसलो. धाकटीने सलाम ठोकून खणखणीत आवाजात जाहीर केलं, "साब, दुश्मन नहीं, अपने ही लोग थे. सबको पकड़ के अंदर कर दिया!" बाबांनी उठून तिला उलट सलाम केला. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. मी पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाला घालत होते, आणि हसत होते, आणि माझ्या लक्षातच आलं नाही की मोठी हसत नाहीये.

ती नेहमीप्रमाणे आपल्या बशीतल्या जलेबीकडे बघून इन्सुलिनच्या पेनचा आकडा फिरवत होती. टक, टक, टक. या घरात तिच्याइतकं खंबीर कुणी नाही. आठ वर्षांत तिने एकदाही विचारलं नव्हतं, की मलाच का. टेस्टसाठी भांडली ती, रिपोर्ट आल्यावर छोटीला उचलून घरभर नाचली ती. हात थांबवून तिने मान वर केली आणि अगदी साध्या आवाजात, जणू वेळ विचारावी तशी, विचारलं, "नानाजी, छोटीचे आर. पी. तो थे. माझे कुठे गेले होते?"

माझ्याजवळ उत्तरं होती. ग्रंथी, जनुकं, विषाणू, आणि अजून कुणालाच नीट माहीत नसलेलं बरंच काही. दोन तास शिकवलं होतं मी ते. त्यातलं एक अक्षर मला तिला सांगवेना. मला नुसतं तिला कुशीत घ्यावंसं वाटत होतं, आणि तेवढ्यालाही मन धजत नव्हतं, कारण तिने ते माझ्याकडे मागितलं नव्हतं.

बाबांनी बशी खाली ठेवली. ते ताठ बसले.

"कुठे नव्हते गेले, बेटा," ते म्हणाले. "तिथेच होते. ड्यूटीवर होते. कमी पडले."

होळीची ती गोष्ट मोठीला कुणी कधी सांगितलेली नव्हती.

"किती जण होते?" तिने विचारलं.

"दोघंच," बाबा म्हणाले.